सार्वजनिक व्यक्तींची अब्रुनुकसानी: देशोदेशींच्या मोफत निकाल-संग्रहांचं परीक्षण, गोव्यातल्या बातमीदारांसाठी

गोव्यातल्या छोट्या मराठी दैनिकाला किंवा न्यूज पोर्टलला रोजची प्रत्येक बातमी वकिलाला दाखवून छापणं परवडत नाही. मग मंत्र्याची, आमदाराची किंवा सरपंचाची नोटीस आली की धावाधाव होते, आणि उत्तरात कुणीतरी वर्तमानपत्रांना मोठं संरक्षण देणारा अमेरिकेचा १९६४चा सलिव्हन निकाल चिकटवून मोकळा होतो. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दंडाधिकाऱ्यासमोर त्या निकालाने सुटका होत नाही, हे समन्स हातात पडल्यावर कळतं. सार्वजनिक व्यक्तीच्या अब्रूचा कायदा देशागणिक बदलतो. आपल्याकडे तो दिवाणी आणि फौजदारी कोर्टाच्या दारातही बदलतो. हा फरक समजून घ्यायला लागणारे बहुतेक सगळे निकाल आज फुकट वाचता येतात. ते देणाऱ्या संकेतस्थळांचं हे परीक्षण आहे.

प्रत्येक संग्रहाला एकच प्रश्न लावला आहे. डोंगरकापणीच्या परवानगीवरून सरपंचाचं नाव घेऊन बातमी छापली, मुख्य मुद्दा खरा निघाला, पण एक तपशील चुकला. सरपंचाने दावा किंवा फिर्याद केली तर त्या देशाचा कायदा काय म्हणतो, आणि ते त्या संकेतस्थळावर किती लवकर आणि किती खात्रीने सापडतं?

आधी निष्कर्ष सांगून टाकतो. रोजच्या कामाला इंडियन कानूनला पर्याय नाही. बांधणीच्या दृष्टीने सगळ्यांत उत्तम युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचं हुडॉक. कॅनडाचं कॅनलिआय वाचायला सगळ्यांत सोपं, आणि आपल्या जमिनीच्या प्रकरणांशी सगळ्यांत जवळचा निकालही तिथेच आहे. ब्रिटनच्या बेलीवर माल पक्का, पण शोधयंत्र कच्चं.

इंडियन कानून

२००८पासून चालू असलेलं हे संकेतस्थळ सर्वोच्च न्यायालय, उच्च न्यायालयं आणि बरेच कायदे एकाच शोधखिडकीत देतं. पान हलकं आहे, त्यामुळे काणकोण-सत्तरीच्या अंतर्भागात मोबाइलवरही उघडतं. जाहिराती नको असतील तर पैसे भरून सदस्य होता येतं, पण निकाल वाचायला त्याची गरज नाही.

शोध इंग्रजीतच घ्यावा लागतो आणि तो नीट घेतला नाही तर हजारो निकालांचा ढीग समोर येतो. शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाका. दोन अटी जोडायच्या तर इंग्रजी 'अँड'च्या शेवटी आणखी एक डी लावून, सगळी अक्षरं कॅपिटल करून, दोन्ही बाजूंना जागा सोडून लिहा. 'ऑर'ला आणखी एक आर आणि 'नॉट'ला आणखी एक टी लागतो. साधा 'अँड' लिहिला तर यंत्र त्याला जोडणी मानत नाही, आणि बहुतेकांचा शोध इथेच फसतो. न्यायालय निवडायला डॉकटाइप्स हा शब्द, कोलन आणि मग न्यायालयाचं नाव. तारखेसाठी फ्रॉमडेट आणि टूडेट, दिवस-महिना-वर्ष या क्रमाने. गोव्यासाठी वेगळा कप्पा नाही, पर्वरीच्या खंडपीठाचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नावाखालीच येतात. म्हणून बॉम्बे निवडून शोधात गोवा हा शब्द घालावा. जुन्या निकालांसाठी पणजीही घालून पाहावं, कारण २०२१पर्यंत खंडपीठ पणजीत आल्तिनोवर होतं.

दुसरी अडचण कलमांची. १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या ४९९ आणि ५०० कलमांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ने घेतली. त्याआधी छापलेल्या मजकुराला जुनंच कलम लागतं. अर्थ लावणारे जवळजवळ सगळे महत्त्वाचे निकाल ४९९वरचे आहेत. नुसतं ३५६ शोधलं तर हाती फारसं लागत नाही, आणि नुसतं ४९९ शोधलं तर ताजे आदेश सुटतात. दोन्ही कलमं 'ऑर'ने जोडून शोधावीत. दहाही अपवाद नव्या कायद्यात तसेच आहेत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता त्यात समाजसेवेचा पर्याय वाढला आहे.

आता मुख्य निकाल. आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य, ७ ऑक्टोबर १९९४. नक्कीरन साप्ताहिक ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र छापणार होतं आणि त्यात पोलीस व प्रशासनातल्या अधिकाऱ्यांची नावं येणार होती. निकालाच्या शेवटाकडे क्रमांक घालून सहा तत्त्वं मांडली आहेत. तिसरं आणि चौथं तत्त्व गोव्यातल्या प्रत्येक संपादकाने शब्दशः वाचावं. तिसऱ्याचा आशय असा: सार्वजनिक अधिकाऱ्याच्या कर्तव्याशी संबंधित वर्तनाबद्दल छापलेला मजकूर चुकीचा निघाला तरी त्याला भरपाई मिळत नाही, जोवर सत्याची बेफिकीर पायमल्ली करून तो छापला हे तो सिद्ध करत नाही. मजकूर वाजवी पडताळणी करून छापला एवढं दाखवणं प्रकाशकाला पुरतं. चौथं तत्त्व सांगतं की सरकार, स्थानिक संस्था किंवा शासकीय अधिकार चालवणारी इतर संस्था भरपाईचा दावा लावू शकत नाही. म्हणजे पंचायतीने ठराव घेऊन 'पंचायतीची बदनामी झाली' म्हणून पैसे मागितले तर ते तत्त्व समोर ठेवता येतं. सरपंच व्यक्ती म्हणून आला तर तिसरं तत्त्व लागतं. न्यायसंस्थेचा अवमान आणि विधिमंडळाचे विशेषाधिकार मात्र याच्या बाहेर आहेत, हेही तिथेच लिहिलंय.

इथपर्यंत वाचून बहुतेक जण थांबतात, आणि नेमकी पुढची ओळ सुटते. न्यायालयाने त्याच निकालात स्पष्ट केलं की ४९९ आणि ५०० या फौजदारी कलमांवर संविधानाच्या अनुच्छेद १९चा काय परिणाम होतो, यात ते शिरत नाही. त्यासाठी योग्य प्रकरणाची वाट पाहावी लागेल. ते प्रकरण १३ मे २०१६ला निकाली निघालं: सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध भारत सरकार. फौजदारी अब्रुनुकसानी घटनात्मक ठरली. तेव्हा राजगोपालची ती सवलत मुळात दिवाणी दाव्यातली आहे. फौजदारीत बचाव अपवादांमधूनच शोधावा लागतो. पहिला अपवाद, सत्य आणि लोकहित, दोन्ही एकत्र लागतात. दुसरा, लोकसेवकाच्या कर्तव्यातल्या वर्तनावर सद्भावनेने मांडलेलं मत. तिसरा, सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित कुणाच्याही वर्तनावरचं मत. कायद्यात सद्भावना म्हणजे मन स्वच्छ असणं नव्हे, योग्य काळजी आणि लक्ष घालून केलेली कृती. अपवादात आपण बसतो हे दाखवण्याचं ओझं आरोपीवरच असतं. आपल्या डोंगरकापणीच्या बातमीत चुकलेल्या तपशिलाचं उत्तर इथे द्यावं लागतं: तो तपशील कुठून घेतला, कुणाकडून ताडून पाहिला, सरपंचाला कधी विचारलं.

राजगोपालचं पान उघडल्यावर 'सायटेड बाय'वर टिचकी मारली की नंतर तो निकाल कुठे वापरला गेला ते दिसतं. इंडियन कानूनची खरी ताकद ती आहे. सावध राहायचं ते एका गोष्टीबद्दल. शोधाच्या यादीत जो तुकडा दिसतो, तो पुष्कळदा वकिलाच्या युक्तिवादाचा असतो. 'लोकसेवकाविरुद्ध सत्य हा पूर्ण बचाव आहे, असं म्हणणं मांडण्यात आलं' यातला शेवट कापून नोटिशीच्या उत्तरात टाकला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला ते उघडं पाडतो. संकेतस्थळावर परिच्छेदांना वस्तुस्थिती, युक्तिवाद, न्यायालयाची कारणमीमांसा अशी लेबलं लावलेली दिसतात. ती यंत्राने लावलेली आहेत. मदत म्हणून घ्या, पण उद्धृत करण्यापूर्वी वरचे आणि खालचे दोन-तीन परिच्छेद वाचाच.

अंतरिम मनाईहुकूम मागितला गेला असेल तर आणखी एक निकाल जवळ ठेवावा: ब्लूमबर्ग विरुद्ध झी, २२ मार्च २०२४. सुनावणी होण्यापूर्वीच लेख काढून टाकायला लावणारे आदेश कारणं न देता देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आणि १८९१च्या बोनार्ड विरुद्ध पेरीमन या इंग्रजी निकालाचा आधार घेतला. गोव्यात दिवाणी दाव्यासोबत मनाईचा अर्ज जोडून येतो, तेव्हा पहिल्या दिवशी उपयोगी पडणारा हा कागद आहे.

अधिकृत प्रत हवी असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआरवर जावं. तिथला निकाल थेट अहवालातला असतो आणि काही निकालांचं मराठी भाषांतरही मिळतं. भाषांतर समजून घ्यायला चांगलं, पण कोर्टात दाखवायला इंग्रजी मूळच लागतं. कायद्याच्या अद्ययावत मजकुरासाठी इंडिया कोड. खासगी संकेतस्थळांवरच्या जुन्या प्रतींवर विसंबू नका.

अमेरिका: कोर्टलिसनर

फ्री लॉ प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था चालवते. शोधात '३७६ यूएस २५४' असा संदर्भ इंग्रजीत टाकला की न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सलिव्हन थेट उघडतो. हा निकाल पूर्ण वाचण्यासारखा आहे, कारण त्यातल्या चुका अगदी आपल्या डेस्कवरच्या वाटतात. २९ मार्च १९६०च्या जाहिरातीत मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्षात चार वेळा झाली होती. विद्यार्थ्यांनी कोणतं गाणं म्हटलं तेही चुकलं होतं. मॉन्टगोमेरीचे आयुक्त सलिव्हन यांना ज्यूरीने पाच लाख डॉलर दिले. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च १९६४ला ते रद्द केलं. मजकूर खोटा आहे हे माहीत असून छापला, किंवा खोटेपणाची पर्वा न करता छापला, हे अधिकाऱ्याने ठाम पुराव्याने सिद्ध केलं पाहिजे, असा नियम घालून दिला.

आपल्या सरपंचाच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर देतो १९६६चा रोझेनब्लॅट विरुद्ध बेयर. त्यात फिर्यादी एका काउंटीच्या क्रीडा-विश्रांती केंद्राचा माजी व्यवस्थापक होता. शासकीय कारभारावर ज्याचा भरीव ताबा आहे किंवा लोकांना तसा दिसतो, तो सार्वजनिक अधिकारी, ही कसोटी त्यातून मिळते. बेफिकिरी म्हणजे काय, हे १९६८च्या सेंट अमांत विरुद्ध थॉम्पसनमध्ये आहे: मजकुराच्या खरेपणाबद्दल स्वतःलाच गंभीर शंका असताना छापणं. १९७४च्या गर्ट्झ निकालाने खासगी व्यक्तीसाठी सिद्ध करण्याचा हा पल्ला खाली आणला. या चार निकालांत अमेरिकेचा सांगाडा कळतो. त्यावर हल्लीचं उदाहरण पाहायचं तर सॅरा पेलिन यांचा न्यूयॉर्क टाइम्सविरुद्धचा दावा. अपिलात तो पुन्हा उभा राहिला, पण एप्रिल २०२५मध्ये ज्यूरीने परत वर्तमानपत्राच्या बाजूने कौल दिला.

कोर्टलिसनरची उणीव अशी की अमेरिकेत अब्रुनुकसानी हा राज्यांचा कायदा आहे, आणि राज्यांच्या खालच्या कोर्टांतली बरीच प्रकरणं इथे येत नाहीत. वाचणाऱ्याला अपिलात टिकलेली बाजूच दिसते. संघीय कोर्टाची कागदपत्रं पेसर या त्या कोर्टांच्या अधिकृत सेवेवर पानाला दहा सेंट आणि एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर घेतात. कुणी आधी घेतलेली असतील तर कोर्टलिसनरच्या रीकॅप विभागात फुकट मिळतात. आधी तिथे पाहून मगच पैसे भरावेत.

ब्रिटन: बेली आणि नॅशनल आर्काइव्ह्ज

बेलीवरचे निकाल गूगलला दिसत नाहीत, कारण संकेतस्थळानेच ती वाट बंद ठेवली आहे. म्हणून गूगलवर शोधून 'सापडलं नाही' म्हणू नका. वर्ष, न्यायालयाचं संक्षिप्त नाव आणि क्रमांक माहीत असेल तर मात्र क्षणात उघडतं: रेनॉल्ड्स विरुद्ध टाइम्स १९९९ यूकेएचएल ४५, जमील २००६ यूकेएचएल ४४, लाशो २०१९ यूकेएससी २७. विषय टाकून शोधायचं तर यंत्र फार जुन्या वळणाचं आहे. २०२२पासून नॅशनल आर्काइव्ह्जने सुरू केलेली निकालसेवा नव्या निकालांसाठी जास्त सोयीची आहे.

इंग्लंडने सलिव्हन स्वीकारला नाही. सार्वजनिक व्यक्ती म्हणून फिर्यादीला वेगळ्या खान्यात टाकलं जात नाही. विषय लोकहिताचा आहे का आणि पत्रकार कसा वागला, ते पाहिलं जातं. मजकूर खरा असल्याचं ओझं प्रतिवादीवर. आयर्लंडचे माजी पंतप्रधान आल्बर्ट रेनॉल्ड्स यांच्या प्रकरणात लॉर्ड निकल्स यांनी दहा मुद्दे दिले: आरोपाचं गांभीर्य, स्रोत, पडताळणी, निकड, फिर्यादीची बाजू विचारली का, ती छापली का, सूर कसा होता वगैरे. १ जानेवारी २०१४ला लागू झालेल्या डिफेमेशन ॲक्ट २०१३च्या कलम ४ने हा बचाव कायद्यात आणला, आणि २०२०च्या सेराफिन निकालाने दहा मुद्दे टिकमार्कची यादी म्हणून वापरू नका असं सांगितलं. तरीही बातमीची फाइल तयार करताना ती यादी उत्तम चालते. कलम १प्रमाणे प्रतिष्ठेला गंभीर हानी दाखवावी लागते, मुदत एक वर्ष. फौजदारी अब्रुनुकसानी तिथे २०१०पासून संपली.

कायद्याच्या मजकुरासाठी ब्रिटिश सरकारचं लेजिस्लेशन संकेतस्थळ उत्कृष्ट आहे. प्रत्येक कलमासोबत स्पष्टीकरण-टिपा वाचता येतात आणि जुनी आवृत्ती तारीखवार उघडते. फक्त कायदा कुठे लागू आहे ते आधी पाहा. २०१३चा कायदा मुख्यतः इंग्लंड-वेल्सचा; स्कॉटलंडचा २०२१चा आणि उत्तर आयर्लंडचा २०२२चा कायदा वेगळा आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या गोंयकाराने दावा लावायची धमकी दिली तर कलम ९ वाचा. प्रतिवादी ब्रिटनबाहेर राहणारा असेल तर इंग्लंड हेच सर्वांत योग्य ठिकाण आहे हे न्यायालयाला पटल्याशिवाय दावा पुढे जात नाही.

कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका

कॅनलिआयवर ग्रँट विरुद्ध टोरस्टार, २००९ एससीसी ६१ काढा. एका बड्या उद्योजकाला तळ्याकाठच्या जागेत खासगी गोल्फ कोर्स वाढवायचा होता. स्थानिकांचा विरोध होता आणि राजकीय वजन वापरून मंजुरी ठरलेलीच आहे असा त्यांचा संशय टोरंटो स्टारने छापला. बातमीदाराने त्याची बाजू विचारली होती, त्याने बोलायला नकार दिला. ज्यूरीने प्रचंड भरपाई दिली, सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश देत लोकहिताच्या विषयावर जबाबदार वार्तांकन हा नवा बचाव मान्य केला. जमीन-रूपांतराच्या, ग्रामसभेतल्या आरोपांच्या गोव्यातल्या बातम्यांशी इतका जुळणारा परदेशी निकाल दुसरा नाही. ग्रामसभेत अमुक बोललं गेलं एवढंच सांगणं आणि तो आरोप आपला म्हणून उचलणं, यातला फरक त्यात छान उलगडला आहे. परिच्छेदांना क्रमांक आहेत, ओघवती भाषा आहे, आणि नंतरचे निकाल एका टिचकीवर दिसतात.

ऑस्ट्रेलियाचं ऑस्टलिआय दिसायला ओबडधोबड, रंगरूप पंचवीस वर्षांपूर्वीचं. तरी त्यांचं लॉसाइट हे साधन या संपूर्ण विषयासाठी सर्वांत मोलाचं आहे. त्यात रेनॉल्ड्स टाकला की कोणत्या देशातल्या कोणत्या न्यायालयाने तो उचलला वा नाकारला, याची वाट दिसते. तिथूनच लँगे विरुद्ध एबीसी, १९९७ एचसीए २५ला पोचता येतं. न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान डेव्हिड लँगे यांच्या प्रकरणात राजकीय विषयांवरच्या मजकुराला संरक्षण मिळालं, पण अटींवर: खरं मानायला वाजवी आधार, पडताळणीची योग्य पावलं, आणि शक्य तिथे समोरच्याची बाजू विचारून छापणं. दक्षिण आफ्रिकेच्या साफलिआयवर बोगोशी, १९९८ झेडएएससीए ९४, वाजवीपणे छापलेल्या मजकुराला बचाव देणारा निकाल. निकाल लहान आणि युक्तिवाद स्वच्छ. तिथे इतर शोध मात्र धिमा चालतो.

या तिन्ही देशांत आणि इंग्लंडमध्ये बातमीदाराने काय केलं याचा हिशेब मागितला जातो. म्हणून प्रश्न कोणत्या नंबरवर, किती वाजता पाठवला, उत्तराला किती वेळ दिला, हे जपलेलं टिपण पर्वरीतही कामाला येतं आणि टोरंटोतही. व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट नुसता ठेवून भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

हुडॉक आणि पोर्तुगाल

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचं हुडॉक इतर सगळ्यांनी धडा घ्यावा असं बनलं आहे. प्रतिवादी देश निवडा, अनुच्छेद १० (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) निवडा, महत्त्वाचा दर्जा निवडा, यादी लगेच आवरते. प्रत्येक मोठ्या निकालाचा कायदेशीर सारांश वेगळा मिळतो. अर्ज क्रमांक ९८१५/८२ टाकला की लिंगेन्स विरुद्ध ऑस्ट्रिया, ८ जुलै १९८६. पत्रकाराने चॅन्सेलर ब्रूनो क्रायस्की यांच्या वागण्याला हीन संधिसाधूपणा म्हटलं आणि त्याला दंड झाला. न्यायालयाने सांगितलं की राजकारण्याने खासगी माणसापेक्षा जास्त टीका सोसायची असते, आणि मताचा पुरावा मागणं म्हणजे अशक्य गोष्ट मागणं. चूक होते ती दोन ठिकाणी. एक, प्रसिद्धीपत्रकालाच निकाल समजणं. दुसरी, विभागीय पीठाचा निकाल उद्धृत करणं आणि पुढे महापीठाने तो फिरवला आहे हे न पाहणं.

पोर्तुगालचा कप्पा गोव्यात आवर्जून उघडावा. मुक्तीनंतर इथे भारतीय दंडविधान आलं, पोर्तुगीज नागरी संहितेचा कुटुंब-वारशाचा भाग तेवढा टिकला. त्यामुळे आजच्या पोर्तुगीज दंड संहितेशी गोव्याचा संबंध नाही, पण ती वाचताना अमेरिकेच्या अगदी उलटा विचार समोर येतो. तिचं कलम १८० अब्रुनुकसानीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दिवसांच्या हिशेबाने दंड देतं. प्रसारमाध्यमातून केली तर कलम १८३प्रमाणे दोन वर्षांपर्यंत. आणि कलम १८४ सांगतं की बळी मंत्री, न्यायाधीश, अगदी स्थानिक संस्थेचा सदस्य असेल आणि ती अब्रुनुकसानी त्याच्या कामाशी जोडलेली असेल, तर शिक्षा निम्म्याने वाढवायची. आपला सरपंच अमेरिकेत कमी संरक्षित, पोर्तुगालमध्ये जास्त. म्हणून पोर्तुगालची प्रकरणं स्ट्रासबुर्गला, म्हणजे याच युरोपीय न्यायालयाकडे, वारंवार जातात.

अर्ज ३७६९८/९७, लोपेस गोम्स दा सिल्वा, २८ सप्टेंबर २०००. पुब्लिको दैनिकाच्या संचालकाने लिस्बन महापालिकेच्या एका उमेदवाराला अग्रलेखात विद्रूप आणि विदूषकी ठरवलं. पोर्तुगालमध्ये शिक्षा झाली, स्ट्रासबुर्गने ती चुकीची ठरवली. त्या अग्रलेखाशेजारी उमेदवाराच्याच लेखांतले उतारे छापले होते, ही बाब न्यायालयाने पत्रकाराच्या बाजूने मोजली. अग्रलेख लिहिणाऱ्याने ही एक सवय उचलली तरी पुरे: ज्याच्यावर तिखट लिहायचं, त्याचे मूळ शब्द त्याच पानावर द्यायचे. पोर्तुगालचे देशांतर्गत निकाल डीजीएसआय या संकेतस्थळावर आहेत, पण सगळे पोर्तुगीजमध्ये. घरात ती भाषा जाणणारं कुणी असेल तरच तिकडे वळावं, यंत्रभाषांतरावर कलमांचा अर्थ लावू नये.

फिर्याद लागली का, हे कुठे पाहायचं

ई-कोर्ट्सचं ॲप आणि संकेतस्थळ यासाठी आहे. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख-क्रमांक, असेल तर लगेच, नसेल तर राज्य, जिल्हा, कोर्ट-संकुल, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून. नावाचं स्पेलिंग इथे घात करतं. नाईकचं स्पेलिंगही एकसारखं नसतं, आणि देसाईत एक एस की दोन हे फिर्याद टाइप करणाऱ्यावर असतं. आडनावाचे सुरुवातीचे तीन-चार वर्ण टाकून पाहा, उत्तर आणि दक्षिण गोवा दोन्हीकडे.

मुदतीही इथेच ताडून पाहाव्यात. छापील अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एक वर्षात, फौजदारी फिर्याद तीन वर्षांत. मंत्री किंवा लोकसेवकाच्या सरकारी कामाबद्दल सरकारी वकिलामार्फत थेट सत्र न्यायालयात जायचं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम २२२प्रमाणे शासनाची मंजुरी आणि सहा महिने. तोच मंत्री स्वतः दंडाधिकाऱ्याकडे जायलाही मोकळा आहे. प्रसिद्धीची तारीख वादात असेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जपलेले जुने अंक पाहावेत. आणि याच संहितेच्या कलम २२३प्रमाणे दंडाधिकाऱ्याने फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते. ही नोटीस समन्स नाही. तिला उत्तर देताना अपवादाचे कागद, बाजू विचारल्याचं टिपण आणि माहिती हक्काखाली मिळालेल्या प्रती पहिल्याच तारखेला जोडता येतात.